विष्णुदास भावे : गोष्ट ठरलेली, बोलणे आपले

शाळांना सुट्टी लागली की माझ्या बहिणीच्या घरचे जेवणाचे टेबल दुपारभर अडलेले असते. भाचा आणि त्याचे चार मित्र टेबलाभोवती बसतात. मध्ये हाताने काढलेला नकाशा, काही कागद, पेन्सिली आणि निरनिराळ्या आकारांचे रंगीत फासे. एक जण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली पात्रे होतात. कोणी जादूगार, कोणी धनुर्धारी, कोणी चोर. गुहेच्या तोंडाशी राक्षस उभा आहे, असे सांगणारा सांगतो. मग आपण काय करणार आणि काय बोलणार, हे प्रत्येकाने तिथल्या तिथे ठरवायचे असते. फासा पडतो आणि गोष्ट पुढे सरकते. गोष्टीतला मुलूख मात्र भाच्याने आपल्या आवडत्या कादंबरीतून उचललेला आहे. तीच शहरे, तेच डोंगर, तेच राजे आणि तीच जुनी वैरे.

अशाच एका दुपारी आई सोफ्यावर मटार सोलत बसली होती. बराच वेळ ऐकून झाल्यावर तिने भाच्याला विचारले, की तुमची ही भाषणे तुम्हाला कोणी लिहून दिली? कोणीच नाही, ज्याची तोच बोलतो, असे त्याने सांगितले. त्यावर ती म्हणाली, की मग हे भाव्यांचे नाटक झाले, आणि तू सूत्रधार झालास. आईचे माहेर सांगलीचे. तिच्या तोंडी हे नाव येणे साहजिक होते. पण भाच्याला भावे कोण हे ठाऊक नव्हते. खरे सांगायचे, तर आपल्यापैकी पुष्कळांची ओळखही पाच नोव्हेंबरला तसबिरीला हार घालण्यापलीकडे जात नाही. म्हणून आज या पानावर त्यांची कथा सांगावी असे मनात आले.

सांगलीतले दिवस

विष्णू अमृत भावे यांचा जन्म १८१९ च्या सुमारास झाला. त्यांचे वडील अमृतराव हे सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव ऊर्फ आप्पासाहेब पटवर्धन यांच्या पदरी नोकरीस होते. पेशवाई १८१८ साली बुडाली होती. पटवर्धनांची सांगली इंग्रजांच्या छायेखाली का होईना, पण टिकून होती, आणि आप्पासाहेबांना विद्येची, कलेची व कारागिरीची मोठी हौस होती.

विष्णूचे मन अभ्यासात फारसे रमत नसे. त्याला गोष्टी ऐकण्याचा, पदे रचण्याचा आणि हाताने काही घडवण्याचा नाद होता. आकृती घडवणे, बाहुल्या करणे यात त्याचा हात चांगला चाले. शाळेत आजही असा एखादा मुलगा असतोच. वहीच्या मागच्या पानावर तो किल्ले काढीत बसतो आणि त्याचे पुढे काय होणार, या काळजीने शिक्षक आईवडिलांना बोलावून घेतात. विष्णूचे नशीब असे, की त्याच्या हातातला गुण ओळखणारा माणूस गावचा राजाच होता.

त्या काळी करमणुकीची साधने नव्हती असे नाही. कीर्तन होते, लळित होते, गोंधळ होता, तमाशा होता. कोकणात व गोमंतकात दशावतारी खेळ रात्रभर चालत. पुराणातली आख्याने लोकांना तोंडपाठ होती. रामाने धनुष्य मोडले, कृष्णाने कंस मारला, हरिश्चंद्र स्मशानात उभा राहिला, या गोष्टी लहान मुलालाही माहीत होत्या. नव्हते ते एवढेच, की या गोष्टी नीट बांधून, वेषभूषेसह, बसल्या जागी सुरुवातीपासून शेवटपर्यंत समोर घडताना दाखवील असे मराठी नाटक देशावर कोणी उभे केलेले नव्हते.

कर्कीची मंडळी

१८४२ साली कानडी मुलखातून, होनावरजवळच्या कर्की गावची भागवत मंडळी सांगलीला आली आणि तिने दरबारात आपले खेळ केले. हा यक्षगानाच्या परंपरेतला प्रकार होता. त्यात भागवत म्हणजे मुख्य गायक बाजूला उभा राहून कथा पदांतून गातो, आणि देव-राक्षसांचे वेष घेतलेले नट नाचतात व त्या पदांचा अर्थ आपल्या बोलण्यातून खुलवतात. पदे ठरलेली असतात, बोलणे ज्या त्या नटाचे असते.

आप्पासाहेबांना खेळातली मूळ कल्पना आवडली, पण खेळ ओबडधोबड वाटला. असे काही आपल्या भाषेत, अधिक नीटनेटके करता येईल का, असा विचार त्यांच्या मनात आला, आणि हे काम त्यांनी आपल्या पदरच्या या तरुणावर सोपवले. विष्णुदासांचे वय तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांचे असावे. पुढे उदाहरण घ्यावे असे मराठी नाटक त्यांच्यापाशी नव्हते. नट नव्हते, कपडे नव्हते, रंगभूमीही नव्हती. होती ती सर्वांना ठाऊक असलेली रामायणाची कथा, आणि एका परभाषिक मंडळीचा पाहिलेला खेळ.

सुमारे वर्षभर त्यांनी तयारी केली. पदे रचली, माणसे जमवली, त्यांना उभे राहायला, चालायला व बोलायला शिकवले. मुकुट, शस्त्रे, मुखवटे यांची व्यवस्था केली. येथे हाताची कारागिरी उपयोगी पडली. नाटकात तोंडाला रंग लावून नाचणे हे पांढरपेशा घरात तेव्हा फार कमीपणाचे मानले जाई, आणि स्त्रीचे सोंग घेणे तर त्याहून कमीपणाचे. पाठीशी राजा उभा होता म्हणूनच माणसे पुढे आली, असे म्हटले तर चूक होणार नाही.

५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीच्या दरबारात ‘सीतास्वयंवर’ या नाटकाचा प्रयोग झाला. हाच दिवस आज मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो.

खेळ कसा चाले

आता हा खेळ चाले कसा, ते नीट पाहिले पाहिजे, कारण भाव्यांचे खरे कर्तृत्व त्यातच आहे.

प्रथम सूत्रधार येई आणि मंगलाचरण गाई. त्याच्या साथीला झांजा व मृदंग असे. मग वनचराच्या वेषात विदूषक नाचत येई आणि सूत्रधाराशी त्याचे हास्यविनोदाचे बोलणे होई. त्यानंतर गणपतीचे आगमन होई, मोरावर बसलेली सरस्वती येई, आणि त्यांचा आशीर्वाद घेऊन सूत्रधार आख्यानाला हात घाली. हा सूत्रधार पुढे विंगेत जाऊन बसत नसे. अखेरच्या आरतीपर्यंत तो प्रेक्षकांसमोर उभा असे. कोण आले, कोठून आले, आता प्रसंग कोणता, हे तो पदांतून सांगे, आणि त्याचे पद संपले की पात्रे बोलू लागत.

पात्रांचे हे बोलणे लिहिलेले नसे. भाव्यांनी रचली ती पदे, आणि ठरवला तो प्रसंगांचा क्रम. जनकाच्या सभेत रावण धनुष्य उचलायला येणार, त्याची फजिती होणार, मग राम उठणार, एवढे पक्के. पण रावणाने कोणत्या शब्दांत बढाई मारायची आणि जनकाने कोणत्या शब्दांत खंत करायची, हे त्या त्या नटाच्या बुद्धीवर सोडलेले असे. कथा माहीत, स्वभाव माहीत, आणि समोरचा काय बोलला ते कानांनी ऐकलेले; त्याला साजेल असे उत्तर तत्काळ द्यायचे. मंडळीत देवांचे, राक्षसांचे, ऋषींचे आणि स्त्रियांचे असे निरनिराळे गट असत, व प्रत्येक नट आपल्या गटाच्या बोलण्या-चालण्यात तरबेज होई. त्यामुळे नवे आख्यान लावायचे झाले, की सगळे पहिल्यापासून घोकावे लागत नसे.

वाचकहो, भाच्याच्या टेबलावर जे चालते ते याहून फार वेगळे नाही. अमेरिकेत १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने हा खेळ प्रथम छापून विकला गेला. तो रचणाऱ्यांपैकी गॅरी गायगॅक्स यांनी १९७९ च्या आपल्या मार्गदर्शक पुस्तकात, ज्यांनी आपल्याला स्फूर्ती दिली अशा कादंबरीकारांची एक यादीच शेवटी जोडली. सुरुवातीच्या छापील प्रतींत तर टॉल्किन यांच्या कादंबरीतल्या बुटक्या लोकांचे नावही जसेच्या तसे होते. हक्काचा प्रश्न निघाल्यावर ते बदलावे लागले. पुढे १९८४ मध्ये टॉल्किन यांच्याच मुलखावर रीतसर परवानगीने वेगळा खेळ निघाला. आवडीच्या ग्रंथातली सृष्टी घ्यायची आणि तीत स्वतः वावरायचे, ही ओढ माणसाला जुनीच आहे. भाव्यांचा ग्रंथ रामायण-महाभारत होता आणि त्याचे हक्क कोणाकडेही मागावे लागत नव्हते, एवढाच फरक.

दुसराही एक फरक आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. टेबलावरच्या खेळात शेवट मोकळा असतो. फासा वाईट पडला तर नायकही मरतो. भाव्यांच्या नाटकात राम धनुष्य मोडणारच असतो. मग नटाला उरते काय? तर काय घडणार याऐवजी कसे घडणार, हे उरते. रावणाचा गर्व किती चढवायचा, सीतेची धाकधूक किती वेळ ताणायची, हे रोज नवे होऊ शकते. प्रेक्षक शेवट ठाऊक असूनही रात्रभर बसत ते यासाठीच.

भाचा मला सांगतो, की कादंबरीवरून खेळ बेतताना मोठी अडचण हीच येते. सगळ्यांनी पुस्तक वाचलेले असते, म्हणून सगळ्यांना नायकाच्याच पावलावर पाऊल टाकायचे असते, आणि खेळ मरतो. म्हणून तो पुस्तकातला एखादा दुर्लक्षित कोपरा शोधतो. जेथे लेखकाने नुसते गावाचे नाव टाकले आणि पुढे निघून गेला, तेथे तो आपला डाव मांडतो. भाव्यांनीही पुढच्या काळात आख्यानांची संख्या वाढवीत नेली ती पन्नासाच्या घरात. रामायण, महाभारत आणि पुराणे यांत आडबाजूला उभे असलेले कितीतरी प्रसंग त्यांनी रंगभूमीवर आणले.

राजाश्रय तुटला

सांगलीत आठ वर्षे बरी गेली. १८५१ साली आप्पासाहेब निवर्तले आणि सगळेच पालटले. गादीचा वारस वयाने लहान होता. नव्या कारभारात नाटकासाठी पैसा मिळेनासा झाला. मंडळी उभी करताना झालेले कर्ज मात्र विष्णुदासांच्या अंगावर राहिले. एका माणसाच्या आवडीवर उभे राहिलेले काम त्या माणसाबरोबर जाते, हा अनुभव आपल्याकडच्या संस्थांनाही नवा नाही.

विष्णुदासांपुढे दोन वाटा होत्या. सामान विकून टाकायचे आणि सांगलीत दुसरी काही चाकरी धरायची, किंवा मंडळी घेऊन बाहेर पडायचे. ते बाहेर पडले. कपड्यांच्या पेट्या, मुकुट, पडदे बैलगाड्यांवर लादून, वीस-पंचवीस तोंडे पोसत, परमुलखात जायचे. पुढच्या गावात प्रयोग होईल की नाही याची खात्री नाही. वर लोकांची नाके मुरडलेली. दरबारातल्या कलावंताचे असे फिरत्या धंदेवाल्यात रूपांतर झाले. ही गोष्ट त्यांना सुखाची झाली नसेल. पण ती झाली नसती तर मराठी नाटक सांगलीच्या वाड्यातच राहून गेले असते.

गावे घेत घेत मंडळी पुण्याला आणि १८५३ साली मुंबईला पोचली. आधी गिरगावात वाड्यांतून प्रयोग झाले. मग ग्रँट रोडच्या नाट्यगृहात खेळ लावण्याचे धाडस विष्णुदासांनी केले. हे नाट्यगृह इंग्रजी धर्तीचे होते. नाना शंकरशेटांनी दिलेल्या जागेवर ते १८४६ मध्ये उभे राहिले होते. येथे वर्तमानपत्रातून जाहिरात देऊन आणि तिकीट लावून मराठी नाटक झाले. ज्याच्यापाशी तिकिटाचे पैसे आहेत तो कोणीही आत येऊन बसू शकतो, ही आपल्या नाटकाच्या दृष्टीने मोठी क्रांती होती. आता राजाची मर्जी सांभाळायची नव्हती. सांभाळायची होती ती अनोळखी माणसांची. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्या विद्वान गृहस्थांनी त्यांना हात दिला. मराठी न कळणाऱ्या मुंबईकरांसाठी विष्णुदासांनी राजा गोपीचंदाचे नाटक हिंदुस्थानी भाषेतही केले.

मुंबईहून या समुद्रापर्यंत

येथे आपल्या बेटाचा एक धागा जोडला जातो, तो सांगितल्यावाचून राहवत नाही.

त्याच ग्रँट रोडच्या नाट्यगृहात, त्याच १८५३ साली, पारशी तरुणांच्या मंडळीने आपले पहिले नाटक केले. विषय होता रुस्तुम आणि सोहराब. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत पारशी नाटक कंपन्या हिंदुस्थानभर आणि समुद्रापलीकडेही गेल्या. पिनांगला आलेल्या अशा मंडळींचे खेळ पाहून तेथल्या लोकांनी मलाय भाषेत तसेच नाटक सुरू केले. तेच बांगसावान. पिनांगहून ते सिंगापूरला आले आणि दुसऱ्या महायुद्धापर्यंत येथे अतिशय लोकप्रिय होते. अरबी कथा, हिंदुस्थानी परीकथा, चिनी कथा, शेक्सपिअर, जे हाती लागेल ते घेऊन बांगसावानचे नट खेळ करीत. विशेष म्हणजे त्यांनाही लिहिलेले संवाद नसत. कथेचा सांगाडा सांगितला जाई, आणि बोलणे नटांनी जागेवर रचायचे असे.

सांगलीहून थेट सिंगापूरला कोणी आले, असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. पण ज्या रंगमंचावर विष्णुदासांनी धनुष्य मोडून दाखवले, त्याच रंगमंचावरून निघालेला एक प्रवाह वळणे घेत या किनाऱ्यापर्यंत आला, हे खरे आहे. ज्यांचे आजी-आजोबा गेलान किंवा काटोंगला राहत होते, त्यांपैकी कोणी बांगसावानचे खेळ पाहिलेही असतील. आपण पाहतो ते आपल्या भाव्यांच्या नाटकाचे दूरचे भावंड आहे, हे त्यांना कोणी सांगितले नसेल.

लिखित नाटक आले

विष्णुदासांचे यश पाहून दुसऱ्या मंडळ्या निघाल्या. इचलकरंजीकर, आळतेकर, कोल्हापूरकर अशा गावांच्या नावांनी त्या ओळखल्या जात. सगळ्यांचा नमुना एकच, भाव्यांचा. पण नमुना उचलणे सोपे आणि मर्म उचलणे कठीण. काही मंडळ्यांत राक्षसांचा धुमाकूळ एवढा वाढला, की राळेचे भपके, तलवारींचा खणखणाट आणि आरडाओरडा यांतून कथा शोधावी लागे. सुशिक्षित लोक अशा खेळांना ‘अललडुर्र’ आणि ‘तागडथोम’ म्हणून हसू लागले.

ही टीका अगदीच खोटी नव्हती. उत्स्फूर्त बोलण्यात दोष असतातच. एखादा नट पाल्हाळ लावतो, एखादा समोरच्याला बोलूच देत नाही, आणि एखाद्याला ऐन वेळी काहीच सुचत नाही. सूत्रधार कसलेला असला तर तो पद सुरू करून गाडी रुळावर आणतो. तो कच्चा असला तर खेळ फसतो. माणसाच्या मनातली गुंतागुंत दाखवायची तर आधी बसून विचार करावा लागतो, शब्द निवडावे लागतात. ते जागेवर नेहमीच जमत नाही.

१८६१ साली विनायक जनार्दन कीर्तने यांनी ‘थोरले माधवराव पेशवे’ हे नाटक लिहिले. पात्रांची भाषणे त्यात आधीच लिहिलेली होती. अशा नाटकांना तेव्हा बुकिश नाटके म्हणत. पुढे ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. नटाने दुसऱ्याने लिहिलेले शब्द पाठ करायचे, ही रीत पक्की झाली. देवल, खाडिलकर, गडकरी आपल्याला मिळाले ते या रीतीमुळे. त्याबद्दल कोणी दुःख करू नये. पण नटाच्या तोंडात आयते शब्द आले, तेव्हा त्याच्या डोक्यातले शब्द बाहेर येण्याचे एक दार बंद झाले, हेही विसरू नये.

विष्णुदासांनी १८६० नंतर हळूहळू फिरतीचा धंदा सोडला. मंडळी इतरांच्या हाती गेली. आपल्याच डोळ्यांदेखत आपली रीत जुनी होताना त्यांनी पाहिली. १८८५ साली त्यांनी आपली पदे ‘नाट्यकवितासंग्रह’ या नावाने प्रसिद्ध केली. या पुस्तकाकडे पाहिले की मनात येते, की छापता आले ते पदांपुरतेच. रावण सांगलीच्या दरबारात काय बोलला, जनकाने काय उत्तर दिले, विदूषकाच्या कोणत्या बोलण्यावर आप्पासाहेब हसले, यांतले काहीच कागदावर उतरू शकत नव्हते. ते त्या रात्रीचे होते आणि त्या रात्रीच संपले.

त्यांच्या हातची एक वस्तू मात्र राहिली. त्यांनी केलेल्या लाकडी बाहुल्या कित्येक वर्षे पडून होत्या. विसाव्या शतकात बाहुल्यांचे कलावंत रामदास पाध्ये यांनी त्यांची डागडुजी करून त्यांना पुन्हा नाचवले. ज्या मुलाचे अभ्यासात लक्ष नव्हते, त्याच्या हातची ही करामत शंभरहून अधिक वर्षांनी लोकांनी पाहिली.

९ ऑगस्ट १९०१ रोजी विष्णुदासांचे निधन झाले. सांगलीत दर वर्षी पाच नोव्हेंबरला एका ज्येष्ठ रंगकर्मीला त्यांच्या नावाचे गौरवपदक दिले जाते. नटाला तो आयुष्यातला मोठा मान वाटतो.

पहिले कोण, हा प्रश्न

विष्णुदासांना मराठी रंगभूमीचे जनक म्हणावे का, यावर विद्वानांत वाद आहे. तंजावरच्या भोसले राजांनी, विशेषतः सतराव्या शतकाच्या अखेरीस राज्य करणाऱ्या शहाजीराजांनी, त्यांच्या आधी दीडशे वर्षे मराठी नाटके रचली होती. दशावतारी खेळही त्यांच्या आधीचेच. आणि आपण पाहिलेच, की खेळाचा साचा त्यांनी कर्कीच्या कानडी मंडळींकडून घेतला. या सगळ्या गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या सांगितल्याने विष्णुदास लहान होत नाहीत. त्यांनी परक्या साच्यात आपली भाषा अशी ओतली, की पाहणाऱ्याला तो साचा परका वाटेना. आणि राजवाड्यातला खेळ त्यांनी तिकीट काढून येणाऱ्या माणसापर्यंत नेला. तंजावरची नाटके तंजावरात राहिली. विष्णुदासांची बैलगाडी पुढे गेली.

आपल्या मुलांसाठी

आता शिक्षिका म्हणून थोडे बोलते. आपल्या मुलांना सिंगापूरच्या शाळेत मातृभाषेच्या तासाला तमिळ घेता येते; हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी किंवा उर्दू घेता येते. मराठी त्या यादीत नाही. बहुतेक घरांत मूल हिंदी घेते, मित्रांशी इंग्रजीत बोलते, आणि मराठी उरते ती आजीपुरती. गणेशोत्सवात किंवा दिवाळीत आपण मुलांचे नाटक बसवतो, तेव्हा संवाद रोमन अक्षरांत लिहून देतो. मुले ते चोख पाठ करतात. टाळ्या पडतात. पण मध्येच एखाद्याचा संवाद हुकला, की पुढचा मुलगा गोठून उभा राहतो, कारण त्याला आपले वाक्य येते, भाषा येत नाही. पंधरा-वीस वर्षे मीही अशीच नाटके बसवली आहेत. चूक मुलांची नाही, बसवणाऱ्यांची आहे.

भाव्यांचा नट निरक्षर असता तरी चालले असते. पण त्याला मराठीत विचार करता येणे, समोरच्याचे ऐकणे आणि उत्तर देणे भागच होते. आमच्या मुलांना नेमके तेच आपण कधी करू देत नाही. चुकतील म्हणून भितो. चार लोकांत हसे होईल म्हणून भितो.

त्या मटारांच्या दुपारनंतर आईने हट्ट धरला आणि आम्ही एक प्रयोग केला. पुढच्या रविवारी टेबलावर तोच नकाशा, तेच फासे. फक्त गावांची नावे बदलली. कादंबरीतल्या मुलखाऐवजी जनकाची मिथिला. स्वयंवराच्या आदल्या रात्री धनुष्य चोरीला गेले आहे, आणि ते सकाळच्या आत शोधायचे आहे. हा प्रसंग रामायणात नाही. म्हणूनच शेवट कोणाला ठाऊक नव्हता. भाचा, त्याची धाकटी बहीण आणि शेजारची दोन मराठी मुले खेळायला बसली. नियम एकच, आपल्या पात्राने मराठीतच बोलायचे. सूत्रधार आई.

पहिला अर्धा तास कठीण गेला. इंग्रजी शब्दांची खिचडी झाली, क्रियापदे उलटीपालटी झाली. मिथिलेच्या पहारेकऱ्याला भाची चक्क ‘अंकल’ म्हणाली. आईने कोणाचीही चूक काढली नाही. पहारेकऱ्याच्या आवाजात ती फक्त पुढचा प्रश्न विचारीत राहिली, आणि त्या प्रश्नातच योग्य शब्द सहज घालून देत राहिली. तासाभराने भाची पहारेकऱ्याशी मराठीत भांडत होती. व्याकरण चुकत होते, पण भांडण तिचे होते, पाठ केलेले नव्हते. मुले त्या रविवारी मराठी शिकली असे मी म्हणणार नाही. पण पुढच्या रविवारी कधी बसायचे, हे त्यांनी आपण होऊन विचारले, आणि मराठीच्या बाबतीत हे आमच्या घरी प्रथमच घडले.

येत्या पाच नोव्हेंबरला विष्णुदासांच्या तसबिरीला हार अवश्य घालावा. पण त्याबरोबर घरातल्या मुलांना त्यांच्या माहितीची एखादी गोष्ट द्यावी. ती रामायणातली असो, शिवरायांची असो की त्यांच्या आवडत्या कादंबरीतली असो. गोष्टीचा धागा घरातल्या एका मोठ्या माणसाने धरावा आणि बोलणे मुलांवर सोडावे. ती अडखळतील, हसतील, चुकतील. सांगलीच्या त्या पहिल्या मंडळीतही कोणी ना कोणी अडखळले असेलच.